हिंसा रोखणे हाही व्यवसाय व्हावा

लातूर आणि नांदेड ही मराठवाड्यातील दोन शहरे आता परीक्षांची शहरे म्हणून ओळखली जातात. राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांच्या नावांशी जोडला गेलेला ‘लातूर पॅटर्न’ राज्यभर गाजला. पुढे नांदेडनेही वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या शिकवण्यांत आपले नाव केले. परभणी, हिंगोली, बीड, धाराशिव या जिल्ह्यांतून आणि त्यांच्या पलीकडूनही हजारो मुले-मुली येथे भाड्याच्या खोल्यांत राहून, खानावळीचा डबा खाऊन रात्रीचा दिवस करतात. या मुलांपुढे आयुष्याचे जे पर्याय ठेवले जातात ते मात्र बोटांवर मोजण्याइतके आहेत. डॉक्टर व्हावे, अभियंता व्हावे. ते न साधल्यास स्पर्धापरीक्षा द्यावी. तेही न साधल्यास शिक्षकाची वा पोलिसाची भरती पाहावी. ज्या भागातून ही मुले येतात त्या भागाला आणखी एका व्यवसायाची गरज आहे आणि ती निकडीची आहे. घरात, शाळेत आणि कामाच्या जागी स्त्रीवर होणारी हिंसा घडण्यापूर्वीच थांबावी यासाठी लोकांना शिकविणे, हा तो व्यवसाय होय. त्याला आज धड नाव नाही, पुरेशी पदे नाहीत आणि पोटापुरते वेतनही नाही.

अशा शिकविण्याची गरज काय, असा प्रश्न काहींना पडेल. त्याचे उत्तर शासनाच्याच आकड्यांत आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १८ ते ४९ वयोगटाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २५ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. ज्यांनी सांगितले नाही त्यांची गणती अर्थातच यात नाही. देशभरच्या आकड्यांकडे पाहिले तर शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी कोणाची ना कोणाची मदत मागणाऱ्या स्त्रिया अवघ्या १४ टक्के होत्या. ७७ टक्के स्त्रियांनी मदतही मागितली नव्हती आणि कोणाजवळ वाच्यताही केली नव्हती. याहून विचार करावयास लावणारी बाब म्हणजे काही कारणांसाठी नवऱ्याने बायकोला मारणे योग्य आहे, असे मानणाऱ्या स्त्रिया ४५ टक्के आणि पुरुष ४४ टक्के निघाले. ज्याला मारणारा आणि मार खाणारी अशी दोघेही जवळजवळ सारख्याच प्रमाणात योग्य मानतात ते कृत्य केवळ गुन्हा म्हणून थांबविता येणार नाही. ती समजूत बदलावी लागेल, आणि समजूत बदलणे हे शिक्षणाचे काम आहे.

मराठवाड्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. त्याच पाहणीनुसार राज्यातील २० ते २४ वयोगटातील स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झाले होते. परभणी जिल्ह्यात हेच प्रमाण ४८ टक्के होते आणि बीडमध्ये ते ४३ टक्क्यांहून अधिक होते. बालाघाटच्या डोंगररांगांतील गावांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात, तेव्हा वयात आलेल्या मुलीला गावी कोणाच्या भरवशावर ठेवायचे, हा प्रश्न आईबापांपुढे उभा राहतो आणि त्याचे उत्तर लग्नात शोधले जाते. जेथे लग्न लांबते तेथे हुंडा आडवा येतो. लातूर तालुक्यात २०१६ आणि २०१७ या लागोपाठच्या वर्षांत दोन शेतकरी कुटुंबांतील तरुण मुलींनी आपल्या लग्नाच्या खर्चाचा भार वडिलांना पेलवणार नाही, या विचाराने जीवन संपविले. त्या वेळी महाराष्ट्र हळहळला. सभा झाल्या, हुंडा न घेण्याच्या शपथा झाल्या, साध्या लग्नांचे ठराव झाले. शपथ घेणाऱ्या तरुणांना पुढच्या लग्नसराईत आपल्याच घरातील वडीलधाऱ्यांसमोर नेमके काय बोलावे, हे मात्र कोणी शिकविले नाही. मुलींना अडचण आली तर कोणाकडे जावे, हेही कोणी सांगितले नाही.

आपल्याकडे कायद्यांची उणीव आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. १९६१ मध्ये हुंडाबंदीचा कायदा झाला. १९८३ मध्ये विवाहितेच्या छळाला गुन्हा ठरविणारे ४९८-अ हे कलम दंडसंहितेत आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तीच तरतूद ८५ आणि ८६ या कलमांत आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. २०१२ मध्ये बालकांच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा आणि २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला. पोलीस यंत्रणेतच समाजकार्यकर्तीने बसून पीडित स्त्रीची बाजू ऐकावी ही कल्पना टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात ‘महिला व मुलांसाठी विशेष कक्ष’ उघडून प्रत्यक्षात आणली. पुढे राज्य शासनाने ती स्वीकारून जिल्ह्याजिल्ह्यांत नेली. या सर्व गोष्टींचे मोल मोठे आहे. तथापि त्यांतील बहुतेक यंत्रणा घाव बसल्यानंतर चालू होतात. स्त्री फिर्याद घेऊन दाराशी येईपर्यंत त्यांना थांबावे लागते, आणि वर दिलेला आकडा सांगतो की बहुसंख्य स्त्रिया त्या दारापर्यंत येतच नाहीत.

घडण्यापूर्वी रोखण्याचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात जे घर उघडले त्याच्या नावातच ‘प्रतिबंधक’ हा शब्द होता. बालहत्या झाल्यावर त्या विधवेला शिक्षा देणारी सरकारी यंत्रणा तेव्हाही होती; फुले दांपत्याने तिच्या अलीकडे उभे राहावयाचे ठरविले. पुढे विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात हाच धागा पुन्हा हाती घेतला गेला. १९८२ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या नारी समता मंचाने ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन गावोगाव नेले. स्त्री मुक्ती संघटनेच्या ज्योती म्हापसेकर यांचे ‘मुलगी झाली हो’ हे नाटक १९८३ मध्ये आले आणि त्याचे प्रयोग राज्यभर झाले. लातूरला लागून असलेल्या अंबाजोगाईत शैला लोहिया यांनी ‘मानवलोक’च्या मनस्विनी महिला प्रकल्पातून परित्यक्ता स्त्रियांना आधार देता देता गावांतील लोकांशी बोलण्याचे काम चालविले. ही सारी कामे ध्येयवादावर उभी राहिली. परंतु त्या पिढीचा ध्येयवाद पुढच्या पिढीला जसाच्या तसा वारशाने मिळत नाही. कामाची पद्धत, अनुभव आणि कौशल्य मात्र शिकवून पुढे देता येते, आणि त्यासाठी कामाला व्यवसायाचे रूप यावे लागते.

मराठवाड्याचा स्वभाव व्याख्यानांचा आहे. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर यांनी मनुस्मृतीपासून संगीतापर्यंत अनेक विषयांवर व्याख्याने देऊन एका संपूर्ण पिढीला विचार करावयास शिकविले. १९८२ मध्ये ते गेले, तरी व्याख्यानमालांची परंपरा या भागात टिकून आहे आणि ती टिकावी. परंतु घरातील हिंसा ही केवळ विचारातील चूक नसून ती अंगवळणी पडलेली सवय आहे, आणि सवय एका व्याख्यानाने मोडत नाही. शाळा-महाविद्यालयांत आज या विषयावर जे घडते ते बहुधा ८ मार्च या एका दिवशी. पाहुणे येतात, हारतुरे होतात, तासाभराचे भाषण होते, आभार मानले जातात आणि कार्यक्रमाचा अहवाल वरिष्ठ कार्यालयाकडे रवाना होतो. शासनाने २०२२ मध्ये शाळाशाळांत ‘सखी सावित्री’ समित्या स्थापण्याचा निर्णय घेतला. उद्देश चांगला; पण समितीवर नाव असलेल्या शिक्षिकेला एखाद्या मुलीने डोळ्यांत पाणी आणून काही सांगितले तर पुढे काय करावे, याचे प्रशिक्षण दिले नाही तर ती समिती फलकावरच राहते. दोन वर्षांच्या बी.एड. अभ्यासक्रमात ‘लिंगभाव, शाळा आणि समाज’ या विषयाला स्थान मिळालेले आहे. तो विषय परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड वाचून उत्तीर्ण होता येतो, हे त्या वर्गांत बसलेल्या शिक्षकांना सांगण्याची आवश्यकता नाही.

उलटपक्षी, सातत्याने आणि पद्धतशीर शिकविल्यास काय होते याचे उदाहरण मराठवाड्यातच आहे. तेव्हाच्या औरंगाबाद, आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पाचोड येथील आरोग्य व्यवस्थापन संस्थेने गेल्या शतकाच्या अखेरीस अविवाहित किशोरींसाठी जीवनकौशल्यांचा अभ्यासक्रम चालविला. गावातच रोज संध्याकाळी एक तास वर्ग भरे. वर्षभरात सुमारे सव्वादोनशे तास होत. शिकविणाऱ्या स्त्रिया त्याच परिसरातील, बेताचे शालेय शिक्षण झालेल्या होत्या. संस्थेने त्यांना या कामासाठी तयार केले होते. अभ्यासक्रम ठरविताना मुलींच्या आईबापांचे मत घेतलेले होते. आरोग्य, आहार, ग्रामपंचायत, बँक आणि कायदा अशा गोष्टी त्यात होत्या. १९९७ मध्ये प्रकल्पाच्या गावांत होणाऱ्या लग्नांपैकी सुमारे ८१ टक्के लग्ने अल्पवयीन मुलींची होती. २००१ पर्यंत हे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांवर आले. लग्नाचे मध्यम वय सोळावरून सतरावर गेले. शेजारच्या, प्रकल्पाबाहेरच्या गावांत असा फरक पडला नाही. एका वर्षाने काय साधले, असे विचारता येईल. ज्या मुलीला दहावीच्या परीक्षेला बसता आले तिला विचारल्यास तिचे उत्तर वेगळे येईल.

मुंबईत २००८ मध्ये पालिकेच्या ४५ शाळांत सहावी-सातवीच्या मुलामुलींसाठी अशाच धर्तीचा एक उपक्रम झाला. कोरो, टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि स्त्रियांविषयी संशोधन करणारी एक आंतरराष्ट्रीय संस्था यांनी तो संयुक्तपणे राबविला. काही शाळांत वर्गातील पाठ आणि शाळाभर मोहीम असे दोन्ही केले, काही शाळांत केवळ मोहीम केली आणि काही शाळा तुलनेसाठी ठेवल्या. जेथे वर्गात नियमित पाठ झाले तेथे मुलांच्या दृष्टिकोनात अधिक फरक दिसला. वागणूक बदलण्यास त्याहून अधिक वेळ लागतो, हेही त्याच उपक्रमातून कळले. आफ्रिकेतील युगांडा देशाच्या राजधानीत, कंपाला येथे, ‘सासा’ नावाचा प्रकल्प २००७ ते २०१२ या काळात तपासला गेला. तेथे वस्तीतीलच स्त्री-पुरुषांना निवडून, शिकवून, त्यांच्या पाठीशी प्रशिक्षित आणि पगारी कार्यकर्ते ठेवून काही वर्षे सतत संवाद चालविण्यात आला. ज्या वस्त्यांत हे काम झाले तेथे जोडीदाराकडून होणाऱ्या शारीरिक मारहाणीचे प्रमाण इतर वस्त्यांपेक्षा ५२ टक्क्यांनी कमी आढळले. पाचोड, मुंबई आणि कंपाला या ठिकाणांची परिस्थिती अगदी भिन्न आहे. पण तिन्ही ठिकाणी काम दीर्घकाळ चालले आणि ते करणाऱ्यांना आधी शिकविलेले होते, एवढे साम्य स्पष्ट आहे.

शिकविणाऱ्याला शिकवावे लागते, हे येथे मुद्दाम सांगावयास हवे. कारण या कामाला सद्‌भावना पुरते, अशी समजूत सर्वत्र आहे आणि ती धोक्याची आहे. पंधरा मुलींच्या वर्गात मारहाणीविषयी बोलणे निघाले की त्यांतील एक-दोघी नंतर मागे रेंगाळतात. त्या जे सांगतात ते कसे ऐकावे, कोणाला सांगावे आणि कोणाला मुळीच सांगू नये, मुलगी त्या रात्री घरी सुखरूप राहील की नाही याचा अंदाज कसा घ्यावा, कायद्याने कोठे कळविणे बंधनकारक आहे, जवळचा संरक्षण अधिकारी कोठे बसतो, हे सर्व माहीत असावे लागते. ते माहीत नसलेला भला माणूस मुलीच्या वडिलांना बोलावून समजूत घालतो आणि मुलीची शाळा सुटते. २००७ मध्ये राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तिने गावातील पुष्कळ भांडणे मिटविली. परंतु बांधाचे भांडण आणि नवरा-बायकोतील मारहाण या दोन गोष्टी एकाच तराजूत घालून, दोघांनीही थोडे थोडे सोसावे असा निवाडा जेथे दिला जातो तेथे तंटा मिटल्याची नोंद होते आणि मार चालूच राहतो. येथे पंचांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. उणीव शिक्षणाची आहे.

हे काम पुरुषांना वगळूनही होणार नाही. १९९१ मध्ये मुंबईच्या एका पत्रकाराने, बायकोला मारणे चूक आहे असे मानणाऱ्या पुरुषांनी पुढे यावे, अशी जाहिरात वर्तमानपत्रात दिली. दोनशेहून अधिक पुरुषांची पत्रे आली आणि त्यातून १९९३ मध्ये ‘मावा’ ही पुरुषांची संघटना उभी राहिली. हरीश सदानी आणि त्यांचे सहकारी तेव्हापासून महाविद्यालयीन तरुणांबरोबर काम करीत आले आहेत. लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांच्या आसपास खोल्या करून राहणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांशी घर सोडल्यापासून कोणी मोठा माणूस गुणांखेरीज दुसऱ्या विषयावर बोललेला नसतो. मैत्री, नकार, राग आणि अपयश यांविषयी त्यांना जे काही कळते ते मोबाईलच्या पडद्यावरून कळते. या मुलांबरोबर आठवड्याला एक तास बसू शकेल असा, त्यांच्याच बोलीत बोलणारा प्रशिक्षित तरुण या शहरांना हवा आहे.

नवे पद निर्माण करणे आपल्या प्रशासनाला जमत नाही, असे मानण्याचे कारण नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे गाडली गेली. त्यानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील घरांच्या दुरुस्तीचा व मजबुतीकरणाचा मोठा कार्यक्रम शासनाने घेतला, तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखालील स्वयं शिक्षण प्रयोगाच्या पुढाकाराने बाराशेहून अधिक गावांत ‘संवाद सहायक’ म्हणून स्त्रिया नेमल्या गेल्या. तोपर्यंत ग्रामसभेत तोंड न उघडलेल्या या स्त्रियांनी भूकंपरोधक बांधकामाची माहिती शिकून घेतली, ती घरोघर सांगितली आणि अभियंत्याला प्रश्न विचारले. भिंत पुन्हा पडू नये म्हणून गवंड्याला आणि घरमालकाला शिकवावे लागते, हे तेव्हा कोणी नाकारले नाही. त्याच भिंतींच्या आत माणूस माणसाशी कसा वागतो, हे शिकविण्यासाठी तशीच व्यवस्था करावी असे म्हटले की मात्र हा खासगी प्रश्न होतो आणि तिजोरीत खडखडाट असतो.

कायद्याला तरी हे काम खासगी वाटत नाही. २००५ च्या कायद्याच्या अकराव्या कलमाने पोलीस आणि न्यायखात्यातील अधिकाऱ्यांना वेळोवेळी प्रशिक्षण देण्याची आणि कायद्याचा व्यापक प्रसार करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. २०१३ च्या कायद्याने दहा वा अधिक माणसे काम करीत असलेल्या प्रत्येक ठिकाणी तक्रार समिती बंधनकारक केली, तीवर बाहेरची एक जाणकार व्यक्ती असावी असे सांगितले आणि मालकाने नियमित कार्यशाळा घ्याव्यात असेही बजावले. नांदेड आणि लातूरमधील महाविद्यालये, बँका, रुग्णालये, दाल मिल आणि सरकारी कार्यालये यांची मोजदाद केली तर किती प्रशिक्षित माणसांची आवश्यकता आहे याचा अंदाज कोणालाही येईल. पण त्याच कायद्याखालील नियमांनी समितीवरील बाहेरच्या सदस्याचा भत्ता ठरविला तो दिवसाला २०० रुपये. जाणकारीची ही किंमत पाहिली म्हणजे या क्षेत्राकडे पाहण्याची दृष्टी कळते. समुपदेशनाच्या केंद्रांतील बहुतेक पदे कंत्राटी आहेत, मानधनावरची आहेत, आणि ते मानधनही वेळेवर मिळेल याची शाश्वती नसते. दोन-तीन वर्षे अनुभव घेतलेली मुलगी अखेर तलाठ्याच्या परीक्षेला बसते, आणि तिच्या जागी नवखी येऊन पहिल्यापासून शिकू लागते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. समाजसेवेत पैशाची भाषा आणली की सेवाभाव संपतो आणि चळवळीचा धंदा होतो, असे अनेक जुने कार्यकर्ते म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. परदेशी निधीवर तीन वर्षे चालणारे आणि निधी आटताच कुलूप लागणारे प्रकल्प मराठवाड्याने पाहिले आहेत. परंतु त्यावरचा उपाय काम फुकट करवून घेणे हा होऊ शकत नाही. शिक्षकी हीसुद्धा एके काळी केवळ सेवा मानली जाई. वेतनश्रेणी आल्याने शिक्षण बुडाले नाही, उलट गरिबाघरची मुले शिक्षक होऊ शकली. विनावेतन काम करणे ज्यांना परवडते त्यांच्याच हाती हे काम राहिले तर वस्तीतून, तांड्यावरून आणि ऊसतोड कामगारांच्या घरांतून आलेल्या मुली त्यात कधीच येणार नाहीत. स्त्रीवरील हिंसा आणि जातीची उतरंड यांचे नाते ज्यांनी अंगावर घेतले आहे त्यांनीच या वर्गांत उभे राहावयास हवे, आणि त्यासाठी त्यांची चूल पेटली पाहिजे.

दुसरा आक्षेप असा की दुष्काळ, कर्ज आणि बेकारी हटल्याखेरीज असल्या शिकविण्याने काही होणार नाही. दारिद्र्याने हिंसेला खतपाणी मिळते हे खरे आहे. पण सुखवस्तू घरांतही हात उठतो आणि हुंडा तर पगाराच्या प्रमाणात वाढतो, हे कोणत्याही कार्यालयातील कारकून जाणतो. सिंचन आणि रोजगार यांसाठी लढावेच लागेल. तो लढा चालू असताना एका पिढीच्या मुलींनी थांबून राहावे, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही.

मग करावयाचे काय? स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये नांदेडला स्थापन झाले. लातूरला त्याचे उपकेंद्र आहे. लातूरपासून फार दूर नसलेल्या तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे ग्रामीण केंद्र आहे. या संस्थांनी एकत्र येऊन हिंसा-प्रतिबंधाच्या प्रशिक्षकांसाठी एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आखणे अशक्य नाही. त्यातील निम्मे वर्ष गावांत, शाळांत, रुग्णालयांत आणि पोलीस ठाण्यांत प्रत्यक्ष कामाचे असावे. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘सेहत’ या संस्थेच्या साह्याने सुरू झालेल्या ‘दिलासा’ केंद्राने परिचारिका आणि डॉक्टर यांनाच प्रशिक्षक बनवून दाखविले. नांदेड आणि लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांना तो धडा गिरविता येईल. जिल्हा परिषदांनी प्रत्येक तालुक्याला किमान दोन प्रशिक्षक, एक स्त्री आणि एक पुरुष, कायम वेतनावर नेमावेत. शाळांच्या वेळापत्रकात सातवी ते नववीसाठी आठवड्याला एक तास राखून ठेवावा आणि त्या तासाला गणिताच्या जादा शिकवणीने गिळू नये, याची काळजी मुख्याध्यापकांनी घ्यावी.

जे तरुण-तरुणी या वाटेचा विचार करतील त्यांना खोटी आशा दाखविण्यात अर्थ नाही. आज या क्षेत्रात येणाऱ्याला प्रथम एखाद्या संस्थेत अल्प मानधनावर काम करावे लागेल. समाजकार्याची पदवी, कायद्याची जुजबी नव्हे तर नीट ओळख, दहा माणसांना बोलते करण्याची हातोटी आणि ऐकलेले पोटात ठेवण्याची ताकद एवढे भांडवल लागेल. गावात ‘घरे मोडणारी’ म्हणून बोल लागतील. दुसऱ्यांची दुःखे रोज ऐकून मन थकेल, आणि त्या थकव्याची व्यवस्था अद्याप कोणत्याही सेवाशर्तीत नाही. कामाचे फळ दिसत नाही, कारण न घडलेल्या मारहाणीची नोंद कोणत्याही ठाण्यात होत नाही. तरीही हे काम शिकून घेतलेल्या माणसाला मराठवाड्यात करण्यासारखे इतके आहे की तो आयुष्यभर रिकामा बसणार नाही. त्याला पगार मिळेल की नाही, हे मात्र एकट्या त्याच्या जिद्दीवर सोडता येणार नाही. विद्यापीठाची अधिसभा, दोन्ही जिल्हा परिषदा आणि शिक्षण संस्थांचे चालक यांच्यापुढे तो प्रश्न आहे, आणि शिक्षकांनी, पालकांनी व विद्यार्थ्यांच्या संघटनांनी तो त्यांना विचारावयास हवा. दरवर्षी जूनमध्ये या दोन शहरांत हजारो पालक मुलांच्या प्रवेशासाठी रांगेत उभे राहतात. त्या रांगेत प्रवेशअर्जांच्या गठ्ठ्यात या अभ्यासक्रमाचाही एक अर्ज असावा, एवढी व्यवस्था करणे या भागातील कर्त्या माणसांना अवघड नाही.